सातव्या चौकटीतला चेहरा

४ जानेवारी

प्रिय बेबी,

माझं पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोन केला नाही, कारण निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर घरातच असतात आणि फोन वाजला की कान टवकारतात. आणि ही गोष्ट ह्यांच्यासमोर बोलण्यासारखी नाही.

घराला रंग द्यायचा म्हणून कपाटं, टेबलं हलवली. सूनबाई खण रिकामे करत होती. एका खणात तळाच्या कागदाखाली तिला पाकीट सापडलं. वर तुझं नाव. "आत्यांचं पत्र इथे कसं?" असं विचारतच ती माझ्याकडे आली. पाकीट बंदच होतं, मी फोडलं. कलाशाळेचं आहे. तुला प्रवेश मिळाला होता, बेबी. अडतीस वर्षांपूर्वी.

सोबत पाठवते आहे. मी पाठवलं नसतं तर सूनबाई पाठवणारच होती.

खण ह्यांच्या टेबलाचा. आता मी काय बोलणार? तेव्हा आई अंथरुणाला खिळलेल्या. तू गेलीस तर घरचं कसं होणार, असं ह्यांना वाटलं असेल. तू ह्यांना काही विचारू नकोस, एवढंच तुझ्याकडे मागते. ह्यांचं बीपी सारखं वर असतं. पोटात ठेव आणि सोडून दे.

बाकी एक चांगली बातमी. शाळेच्या हॉलमध्ये आधीच्या सहा मुख्याध्यापकांची मोठी चित्रं आहेत ना, तिथे सातवं ह्यांचं लागणार. जूनमध्ये शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात, तेव्हा समारंभ आहे. चित्रकार शोधताहेत. तुझा रविवारचा चित्रांचा वर्ग कसा चाललाय?

तू केलेली कवळी छान बसली आहे. वाकडा दात तसाच ठेवलास म्हणून कुणाला पत्तासुद्धा नाही. फक्त कपडे वाळत घालताना पूर्वीसारखे चिमटे दातात धरता येत नाहीत.

तुझी वहिनी

११ जानेवारी

वहिनी,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. राग मानू नकोस, तो तुझ्यावर नाही.

पाकीट आलं तेव्हा मी चहा ठेवला होता. वाचून स्टुलावर बसले ती पातेलं जळल्याचा वास येईपर्यंत. 'आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होत आहे. दहा जुलैपर्यंत हजर व्हावे.' दहा जुलैला मी काय करत होते, सांगू? आईची चादर बदलत होते. पुढे अकरा वर्षं चादरीच बदलल्या. आई गेल्यावर दातांच्या प्रयोगशाळेत चिकटले आणि सव्वीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या. गावभर माणसं माझ्या दातांनी हसतात, वहिनी. मी कधी कुणाला सांगितलं नाही की मला रंग हवे होते, गुलाबी मेण नको होतं.

आणि दादा! फॉर्म त्यानेच भरला होता. माझी चित्रं नळीत घालून पोस्टात त्यानेच टाकली होती. मुदत उलटून गेल्यावर मला जवळ बसवून म्हणाला, "नाही झालं बेबी. वाईट वाटून घेऊ नकोस." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी त्याचे डोळे पुसले, कळलं का? मी! केवढा नट आहे हा माणूस.

पोटात ठेव म्हणतेस. पोटात काय कमी आहे का आधीच?

तर ऐक. चित्रकार शोधायचा नाही. दादाचं चित्र मी काढणार. त्याला सांग, बहिणीकडून भेट. पुढची पन्नास वर्षं तो त्या हॉलमध्ये टांगलेला राहणार आणि कसा टांगलेला राहणार हे माझ्या हातात. एवढं सुख मला सत्तावन्न वर्षांत मिळालेलं नाही. शेकडो मुलं रोज त्याच्याकडे बघतील आणि आपसांत म्हणतील, हा माणूस काहीतरी लपवतो आहे.

अडचण एकच. मला आता चित्र काढता येत नाही. रविवारच्या वर्गात चार महिने एक सुरई काढते आहे, ती अजून सरळ उभी राहत नाही. पण जूनला वेळ आहे. त्याचे दोन-चार फोटो पाठव. आणि माझी पत्रं पोस्टमनकडून तूच घेत जा, त्याच्या हाती लागायला नकोत.

बेबी

२२ जानेवारी

प्रिय बेबी,

ह्यांना सांगितलं. अगं, लहान मुलासारखे नाचायचे बाकी राहिले! लगेच शाळेत जाऊन कलाशिक्षकांना सांगून आले, "माझी बहीण काढणार आहे." मुख्याध्यापक असताना कुणाशी एवढं हसून बोलले नसतील. मला बघवत नव्हतं.

तीन फोटो पाठवते. ह्यांचा निरोप आहे की केस जरा जास्त काढ.

बेबी, माझं ऐक. झालं गेलं ते झालं. आईंची सेवा तुझ्या हातून झाली, त्याचं समाधान मान. किती जणींना ते मिळतं? मला तर तेव्हा घरातल्या कामातून डोकं वर काढायला वेळ नव्हता. छान कोटातलं चित्र काढ आणि विषय संपव.

तुझी वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

समाधान मानते आहे. दर रविवारी दोन तास आणि घरी रोज चार तास मानते आहे. तुला सगळं सांगते, म्हणजे तुलाही कळेल मी कशी सुखात आहे.

आधी जलरंग घेतले. राग काढायला जलरंग कामाचे नाहीत. दादाच्या चेहऱ्यावर काळं वादळ आणायचं होतं, पाणी जास्त झालं आणि गाल गुलाबी झाले. असा गोड दिसायला लागला की त्याला खाऊ द्यावासा वाटला. फाडून टाकलं.

मग ठिपके. वर्गातल्या बाई म्हणाल्या, रेघ मारायचीच नाही, नुसते ठिपके द्यायचे, लांबून आपोआप चेहरा दिसतो. दहा दिवस मान मोडून ठिपके दिले. लांबून बघितलं तर दादाला गोवर झालाय. हे मात्र मी जपून ठेवलं आहे.

मग सुरी. ब्रश बाजूला ठेवायचा आणि पावाला लोणी लावतात तसा पात्याने रंग थापायचा. खांदा गेला कामातून, पण काय मोकळं वाटलं! नाक बोटभर वर आलं, त्याला कोट टांगता येईल. त्यानंतर चौकोन-त्रिकोण. त्यात दोन्ही डोळे एकाच गालावर असले तरी चालतात. बाई खूश होऊन म्हणाल्या, "आता तुम्ही मोकळ्या होताय." मी म्हटलं, "मोकळी कसली, मी सूड घेतेय." वर्गभर हशा पिकला. खरं बोललं की लोक हसतात, हा माझा अनुभव आहे.

मागच्या रविवारी कोळसा दिला. घरातली एक वस्तू निवडा, आठवडाभर तिच्याकडे बघा, मग काढा. मी ते पाकीटच निवडलं. सात दिवस टेबलावर ठेवून बघत होते. वहिनी, सव्वीस वर्षं दात बघणारीला बघणं म्हणजे काय ते माहीत आहे असं वाटायचं. पण काढायला बसलं की वेगळंच दिसतं. शेवटी गंमत म्हणून पाकिटावर पातळ कागद ठेवला आणि कोळसा आडवा धरून घासला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसं. डोळ्याला दिसत नाही ते कागदावर उठतं. बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

आता एक विचारते, चित्रासाठी हवं आहे. पाकीट नेमकं कुठल्या खणात सापडलं? आणि ते आलं त्या दिवशीचं तुला काही आठवतं का? पोस्टमन कधी आला, पाकीट कुणी घेतलं? घाई नाही. नीट आठवून लिही.

बेबी

५ मार्च

प्रिय बेबी,

अगं, अडतीस वर्षांपूर्वीचं कसं आठवणार? काल काय स्वयंपाक केला ते आठवत नाही मला. खण ह्यांच्या टेबलाचा, हे मी लिहिलं होतं ना? पत्रं तेव्हा हेच घ्यायचे, सकाळी शाळेला जाताना. मी कशाला बाहेर जाते? मी आत, माझ्या कामात.

तू असले प्रश्न विचारत बसू नकोस, डोक्याला त्रास होतो. तुझ्याही आणि माझ्याही. आणि तो कोळसा बंद कर, घर काळं होतं.

ह्यांनी नवा कोट शिवायला टाकला आहे. चित्रात दिसायला हवा म्हणतात.

तुझी वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

तेलरंगांपाशी आले आहे आणि आता इथून हलणार नाही. तेलरंग वाळायला तीन-तीन आठवडे घेतो. घाई करत नाही, चूक पुसू देतो, पुन्हा विचार करायला वेळ देतो. माझ्या स्वभावाचा आहे.

आता माझी फजिती ऐक. ती वाकडी सुरई मी तेलरंगात काढली होती. बरी नव्हती, म्हणून वाळल्यावर तिच्यावर ॲक्रिलिकने फुलं काढून टाकली. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, तासाभरात वाळतो. बोर्ड खिडकीत उन्हाला ठेवला आणि विसरले. परवा सहज नखाने टोकरलं तर फुलांचा अख्खा पापुद्रा हातात आला, दुधावरची साय यावी तसा. खाली सुरई जशीच्या तशी. रंगाच्या दुकानदाराला दाखवलं तर त्याने कपाळावर हात मारला. "बाई, तेलावर ॲक्रिलिक धरत नाही! हे पहिल्या दिवशी शिकवतात." मी म्हटलं, मला पहिला दिवस मिळालाच नाही.

घरी येताना रस्त्यातच थांबले. कवळी करताना प्लास्टरला आम्ही साबणाचा हात देतो, वरचं खालच्याला चिकटू नये म्हणून. सव्वीस वर्षं मी हेच तर केलं!

तर बेत असा. मोठ्या कॅनव्हासवर खाली तेलरंगात खरं काढायचं. जे घडलं ते, पाकिटासकट, पाकिटावरच्या नावासकट. ते वाळलं की वरून ॲक्रिलिकचा दादा. कोट, पुस्तक, भरपूर केस, सगळं त्याच्या मनासारखं. जूनमध्ये टाळ्या वाजतील. मग ऊन आपलं काम करेल. तीन-चार महिन्यांत वरचा दादा गळून पडेल आणि सगळ्या शाळेला दिसेल, पाकीट कुणी लपवलं ते.

तू विचारशील, मला कशाला सांगतेस? कारण हे थांबवणारी तू एकटीच आहेस. तू एक ओळ लिही, मी थांबते. मात्र ती खरी हवी. खालचा रंग अजून ओला आहे. फडक्याने पुसला जातो.

बेबी

१८ एप्रिल

प्रिय बेबी,

तुझं पत्र वाचलं. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. आयुष्यभर ज्या शाळेत मान मिळवला, तिथेच असं व्हायचं.

पण मग विचार केला, तुझंही आयुष्य गेलंच की. तुम्ही बहीणभाऊ आहात, मी मध्ये पडणारी कोण? मी तुला अडवलं तर तू म्हणशील, वहिनी नवऱ्याची बाजू घेते. तुला योग्य वाटेल ते कर.

परवा ह्यांच्याबरोबर हॉल बघून आले. सातवी जागा बरोबर खिडकीसमोर आहे, दुपारचं ऊन थेट पडतं. शिपाई पडदा लावू का विचारत होता. मी म्हटलं, नको, चित्र नीट दिसू दे.

एकच विचारते. चित्रात हेच आहेत ना? बाकी कुणाला त्यात ओढायचं काही कारण नाही.

तुझी वहिनी

१५ मे

वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेवटच्या ओळी वाचल्या.

कोटातल्या चित्रात फक्त दादा आहे. काळजी करू नकोस.

खालचा रंग आज वाळला.

बेबी

२७ जून

प्रिय बेबी,

समारंभ पार पडला. तू का आली नाहीस? ह्यांनी तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली होती, कुणाला बसू दिलं नाही.

चित्र सगळ्यांना आवडलं. कलाशिक्षक तेवढे म्हणाले की जरा सपाट वाटतं, पण त्यांना कुठलंच काही आवडत नाही. ह्यांनी भाषण केलं. शाळेबद्दल दोन मिनिटं आणि तुझ्याबद्दल दहा. "माझ्या बहिणीला कुठे शिकायला मिळालं नाही. मी तेव्हा पुन्हा खटपट करायला हवी होती, ती केली नाही. ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक," असं भर सभेत म्हणाले. शिपायाने पाणी आणून दिलं.

मी खाली बघत बसले होते.

ऊन येतं तिथे. पडदा लावलेला नाही.

तुझी वहिनी

११ ऑक्टोबर

चिरंजीव बेबीस,

आशीर्वाद. एवढ्या वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही. आपल्या घरात लिहिण्याचं काम तुझ्या वहिनीकडे असतं. आज मलाच लिहायला हवं.

सोमवारी शाळेतून निरोप आला की चित्राचा रंग सुटतो आहे. मी म्हटलं, हौशी हात आहे, चालायचंच, डिंकाने चिकटवू. तुझ्या वहिनीला सोबत चल म्हटलं. ती तयार नव्हती. मी आग्रह केला.

हॉलमध्ये मोठ्या वर्गातली मुलं बसलेली होती. माझी हनुवटी सुटून कोटावर लोंबत होती, मुलं हसत होती. मीही हसलो. शिपाई शिडीवर चढला, कोपरा दाबायला गेला आणि सगळाच मी त्याच्या हातात आलो. केसांसकट. तुझी वहिनी दारातच थांबली होती. ती चित्राकडे नाही, माझ्याकडे बघत होती. एखाद्याला आता फटका बसणार हे माहीत असावं, तशी.

मग मुलं गप्प झाली म्हणून तिने वर पाहिलं.

तिथे मी नाही, बेबी. तिथे आपलं मागचं अंगण आहे. दोरीवर वाळत घातलेले कपडे, भर दुपार. आणि तुझी वहिनी, चोवीस वर्षांची. बाह्या कोपरापर्यंत वर, हातांवरून पाणी ओघळतंय. हात ओले म्हणून पाकीट दातात धरलंय. डोळे तेवढे बाजूला वळलेले, कुणी बघत नाही ना हे बघणारे. पाकिटावर तुझं नाव आणि कोपऱ्यात कलाशाळेचा शिक्का. तिचा वाकडा दात बघून ओळखायला मला क्षणही लागला नाही. मुलांनाही लागला नाही. एक मुलगी मागे वळून दाराकडे बघायला लागली, मग सगळीच.

मी विचारलं, "हे कसलं पाकीट?" ती घरी पोचल्यावर बोलली. आईचं आजारपण, तू जाणार, घर आणि आई दोन्ही तिच्या एकटीवर पडणार. "मला एकटीला झेपलं नसतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणते. जानेवारीत पाकीट सापडल्याचं आणि ते माझ्या नावावर घातल्याचंही तिने सांगितलं. सूनबाई तेव्हापासून तिच्याशी कामापुरतंच बोलते.

तुला मी 'नाही झालं' म्हणालो ते मला खरंच वाटत होतं. तू हे कधी जाणलंस, मला माहीत नाही. पण मला वरती काढलंस ते गळून पडण्यासाठी काढलंस, एवढं कळतं. ते लागलं. शेवटी शिपायाच्या हातात माझा चोळामोळा होता, तो कुठे टाकू म्हणून तो मलाच विचारत होता.

संस्थेने विचारलं, चित्र उतरवू का? तुझी वहिनी हात जोडून म्हणाली, उतरवा. मी म्हटलं, राहू दे. कलाशिक्षक रोज मुलांना तिथे उभं करतात आणि म्हणतात, ते ओले हात बघा, असे हात काढायला जन्म जातो. मी निवृत्त आहे तरी रोज जाऊन बघतो. ती तशीच दिसायची.

ती तुला पत्र लिहिते आहे. लिहिते आणि फाडते.

तुझा दादा

९ नोव्हेंबर

वहिनी,

दादाला वेगळं लिहिलं आहे. त्याची माफी मागितली आहे. जानेवारीत मी महिनाभर त्याला शिव्या घातल्या आणि जूनमध्ये त्याला तुझ्यावर पांघरूण म्हणून वापरलं, त्याबद्दल. त्यातली एक ओळसुद्धा तुझ्या वाटणीची नाही.

मला कसं कळलं, हे तुला छळत असेल. छळू दे म्हणून महिनाभर थांबले होते, आता सांगते. त्या कोळशाच्या कागदावर पाकिटाच्या कोपऱ्यात खुणा उठल्या. पुढचे दोन दात आणि डावीकडचा एक आडवा. तुझे दात काढण्याआधी कवळीसाठी साचा घेतला होता, आठवतं? "वाकडा दात तसाच ठेव, लोकांना कळायला नको," असं तूच बजावलं होतंस. तो प्लास्टरचा साचा माझ्या फळीवर आहे. पाकिटाच्या कोपऱ्यावर ठेवला. आम्ही कवळी तपासताना वरचा जबडा खालच्यावर बसवतो, तसा बसला. मी इतकी वर्षं हे काम केलं, एवढा चोख बसलेला साचा बघितला नाही.

तरी मी मनाला म्हटलं, पाकीट घेतलं असेल तिने आणि दिलं असेल दादाला. म्हणून तुला विचारलं. तू लिहिलंस, पत्रं सकाळी हे घ्यायचे. वहिनी, पोस्टमन दुपारी यायचा. दादा शाळेत असायचा, मी आईला भरवत असायचे आणि तू अंगणात कपडे वाळत घालत असायचीस. मग सूनबाईला फोन करून एकच प्रश्न विचारला, कुठला खण? ती म्हणाली, "आईंच्या शिवणयंत्राचा." आई म्हणजे तू.

मला तेव्हाच तुझ्या दारात येऊन ओरडता आलं असतं. पण मला एक बघायचं होतं. पाकीट लपवणारी मुलगी चोवीस वर्षांची होती, घाबरलेली होती. तिला मी कदाचित सोडून दिलं असतं, खरंच सांगते. तिचे हात काढताना दोनदा रडले मी. पण ती आता बासष्ट वर्षांची आहे, आणि तिचा नवरा तिच्या गुन्ह्यासाठी भर शाळेत उघडा पडणार आहे हे तिला माहीत आहे, तर ती काय करते? मी तुला पुन्हा पुन्हा विचारलं. एक ओळ मागितली. रंग ओला ठेवला. तू मला खिडकी कुठे आहे ते कळवलंस. पडदा लावू दिला नाहीस.

त्या पत्रानंतर चोवीस वर्षांच्या मुलीचे डोळे मी पुन्हा रंगवले. आधी ते खाली वळलेले होते.

तुला एकटीला झेपलं नसतं म्हणतेस. मला एकोणिसाव्या वर्षी झेपतंय का, हे कुणी विचारलं? तू अकरा वर्षं मला बघत होतीस. चहा आणून द्यायचीस. "बेबी, तू आहेस म्हणून घर चाललंय," असं म्हणायचीस. त्या चहासाठी मी तुझ्यावर जीव टाकला होता ग.

मी चित्र काढणं सोडलेलं नाही. तेलरंगच. बाई म्हणतात, हात आता तयार झाला. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत, पण मानणार नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. दुपारी. माझे हात रंगाने भरलेले होते, म्हणून पोस्टमनला म्हटलं, टेबलावर ठेवा. चांगलं जाड आहे. दहा-बारा पानं तरी असतील. सगळं लिहिलं असशील, मला माहीत आहे, आणि या वेळी खरंही लिहिलं असशील.

मी ते उघडलेलं नाही. माझ्या टेबलाचा दुसरा खण, जिथे जुने ब्रश असतात, त्याच्या तळाच्या कागदाखाली ठेवलं आहे. पुढची येतील तीही तिथेच ठेवीन, जागा भरपूर आहे. कधीतरी घराला रंग द्यायची वेळ येईल, तेव्हा कुणाच्या तरी हाती लागतील.

बेबी